धूळ ओढायचं यंत्र घेताना

नाशिक

चि. ओंकार यास,


साइटवर न्यायला धूळ ओढायचं छोटं यंत्र घेतो आहेस हे ताईकडून कळलं, फार बरं वाटलं. तू तीन यंत्रांची नावं आणि त्यांचे वॉट पाठवून विचारलंस की यातलं सगळ्यात ताकदीचं कुठलं. मला वाटतं, तू वॉटवरून निवडूच नकोस. वॉट म्हणजे मोटर वीज किती खाते, एवढंच. सँडरच्या तळाशी हवा किती ओढली जाते आणि ओढलेली धूळ आत राहते की मागून पुन्हा खोलीत येते, या दोन गोष्टींवर निवड ठरते. तिसरी गोष्ट म्हणजे ते यंत्र तू रोज चौथ्या मजल्यावर नेशील का.

आधी धुळीबद्दल चार शब्द, कारण तुझ्या वयात ती कुणी मनावर घेत नाही. इंग्लंडात बकिंगहॅमशर परगण्यात हाय विकम नावाचं गाव आहे, खुर्च्या आणि फर्निचरसाठी नावाजलेलं. तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफिल्ड यांच्याकडे नाकाच्या आतल्या एका दुर्मीळ कॅन्सरचे रुग्ण येत, आणि त्यात फर्निचरच्या कारखान्यातले कामगार फार निघत. पुढे अॅचेसन आणि इतर डॉक्टरांबरोबर मिळून 1968 साली त्यांनी हे सगळं छापून पुढे आणलं. 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. हा रोग अनेक वर्षं धूळ नाकात गेल्यावर दिसतो. आज शिंका येत नाहीत म्हणून सगळं ठीक आहे असं धरून चालू नकोस. शिवाय तू दिवसभर कापतोस ते नुसतं लाकूड नाही. प्लाय आणि एमडीएफ चिकटवलेले असतात ते फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनने, आणि फॉर्मल्डिहाइडही त्याच पहिल्या गटात आहे. सागवान आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतो, ते तू कारखान्यात पाहिलंच आहेस.

जमिनीवर पडलेला भुसा डोळ्यांना दिसतो, झाडून उचलता येतो. रंध्याच्या ढलप्यांपासून तर धोका जवळजवळ नाहीच. घात करते ती सँडरची पिठासारखी धूळ. ती तासन् तास हवेत तरंगते आणि तू डबा खायला बसलास तरी खोलीत असतेच. आणि तू काम करतोस ते लोकांच्या राहत्या घरात. बेडरूममध्ये वॉर्डरोब घासत असशील तेव्हा शेजारच्या खोलीत कुणाचं तान्हं मूल निजलेलं असतं, कुणाच्या आईला दमा असतो.

म्हणून पहिली गोष्ट फिल्टरची. युरोपातली यंत्रं धुळीच्या धोक्याप्रमाणे एल, एम आणि एच अशा तीन वर्गांत विभागलेली असतात. वर्ग यंत्रावर छापलेला असतो, तो स्वतः वाच, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस. एल वर्गात शंभर भाग धुळीतला जास्तीत जास्त एक भाग निसटू शकतो, एममध्ये हजारात एक, आणि एचमध्ये लाखात पाच. ब्रिटनमधलं सरकारी सुरक्षा खातं लाकडाच्या धुळीसाठी किमान एम वर्ग सांगतं, आणि माझंही तेच म्हणणं आहे. एम वर्गाच्या यंत्रात आणखी एक गुण असतो: नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या खाली गेला की ते वाजून किंवा दिवा लावून इशारा देतं. पिशवी भरली, नळी तुंबली, फिल्टर बसला, यातलं काहीही झालं तरी तुला लगेच कळतं. एरवी माणूस नुसता आवाज ऐकून यंत्र चालू आहे असं समजत राहतो.

अडचण अशी की मी पाहिलेली एम वर्गाची बहुतेक यंत्रं दहा किलोच्या पुढची आहेत, आणि सात किलोच्या आसपासची सुबक यंत्रं बहुतेक एल वर्गाची असतात. तुझ्या यादीतलं फेस्टूलचं डब्याच्या आकाराचं छोटं यंत्र असंच आहे: एक हाती उचलता येतं, आवाज कमी, पण एल वर्ग आणि पिशवी साडेतीन-चार लिटरची. तुला रोज तासन् तास एमडीएफ घासायचं असेल तर चार-पाच किलो जास्त उचल आणि एम घे. तुझं काम बहुतेक फिटिंगचं असेल, म्हणजे बिजागऱ्यांची भोकं, ट्रिमरने कडा मारणं आणि शेवटी थोडं घासणं, तर एल वर्गाचं हलकं यंत्र चालेल. मात्र त्यात फ्लीसची पिशवी हवीच, आणि नाकावर एन95 हवा. मास्क तर एम वर्गाच्या यंत्राबरोबरही लाव. दाढीवर तो नीट बसत नाही, तेवढं लक्षात ठेव.

तुझ्या यादीतलं तिसरं, घरातला कचरा ओढायचं यंत्र, सरळ काढून टाक. बारीक धुळीने त्याचं फिल्टर पटकन बसतं, मोटरला गार हवा मिळत नाही, ती तापते आणि जळते. आणि जळेपर्यंत ते मागच्या जाळीतून धूळ घरभर उडवत राहतं. दुकानात परवानगी मिळाली तर एक परीक्षा करून बघ. खोलीत अंधार कर, यंत्राला थोडी एमडीएफची धूळ ओढायला दे आणि हवा बाहेर पडते तिथे टॉर्चचा झोत आडवा धर. झोतात कण नाचताना दिसले, तर ते यंत्र घेऊ नकोस.

आता नळीबद्दल, कारण सगळं गणित तिथेच बिघडतं. खोक्यावर मिनिटाला तीन-साडेतीन हजार लिटर हवा असं छापलेलं असतं. तो आकडा बहुधा टर्बाइनपाशी मोजलेला असतो, नळी न लावता. नळी, पिशवी आणि फिल्टर मध्ये आले की हवा खूपच कमी होते. तुला लागतं किती ते आपण काढू. धूळ नळीत खाली न बसता पुढे जात राहायला हवेचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या आसपास हवा. 36 मिलिमीटरच्या नळीत त्यासाठी मिनिटाला सुमारे 1200 लिटर हवा वाहावी लागते, आणि 27 मिलिमीटरच्या नळीत 700 लिटरच्या आत भागतं. म्हणून सँडरला बारीक नळी लाव: ती हलकी असते, हाताला ओढ देत नाही आणि वेगही टिकतो. पण ट्रिमर किंवा रंधा लावलास तर त्याच बारीक नळीत ढलप्या अडकतील, तिथे जाड नळीच हवी. दोन्ही नळ्या घे. त्या अँटिस्टॅटिक घे, नाहीतर कोरड्या हवेत एमडीएफ घासताना हाताला झटके बसत राहतील. झटके देणारी ही स्थिर वीज जमिनीत उतरवायला अर्थिंग लागतं. साइटवर मुलं तीन पिनांचा प्लग कापून नुसत्या तारा सॉकेटमध्ये काड्यांनी खोचतात, तसलं तुझ्या कामावर चालू देऊ नकोस.

हवा जास्त झाली तरी त्रास होतो. पूर्ण ओढीवर सँडर पृष्ठभागाला चिकटून बसतो आणि व्हिनियरवर गोल गोल ओरखडे उठतात. पॉलिश चढल्यावर ते उजेडात स्पष्ट दिसतात आणि मग सगळं पुन्हा घासावं लागतं. म्हणून ओढ कमी-जास्त करायची कळ असलेलंच यंत्र घे. सँडरच्या पॅडवर जितकी भोकं तितक्याच भोकांचा पेपर, आणि भोकावर भोक बसवून लाव. जाळीचा पेपर मिळाला तर आणखी चांगलं. धूळ लगेच निघून गेली की पेपर तुंबत नाही, जास्त दिवस पुरतो, आणि त्यातून यंत्राची थोडी किंमत भरून निघते.

हत्यार चालू केलं की आपोआप सुरू होणारं यंत्र घे. त्याच्या अंगावरच सॉकेट असतं, त्यात सँडर लावायचा. सँडर बंद केल्यावरही ते काही सेकंद ओढत राहतं आणि नळी मोकळी करतं. ही सोय चैनीची नाही. दर वेळी वाकून बटण दाबावं लागलं, तर दुपारनंतर तू दाबणार नाहीस. फक्त विजेचा हिशेब कर. हजार वॉटचं यंत्र आणि तीनशे वॉटचा सँडर मिळून पावणेसहा अँपिअर होतात, साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम भागतं. बाराशेचं यंत्र आणि चौदाशेची कटर मशीन मिळून अकराच्या वर जातात, त्याला 16 अँपिअरचा पॉइंटच हवा. यंत्राच्या सॉकेटवर जास्तीत जास्त किती वॉट चालतील तेही लिहिलेलं असतं. परदेशी प्लगचं सॉकेट असेल तर विकत घेण्याआधीच ते बदलून माग.

बॅटरीवरचं यंत्र शेवटच्या दिवशीच्या चार भोकांना आणि सफाईला छान, पण दिवसभर घासायला ते पुरणार नाही. पूर्ण ओढीवर बॅटरी फार लवकर उतरते.

लहान यंत्राची किंमत पिशवीत मोजावी लागते. घासण्याची धूळ कमी जागा घेते, पण ट्रिमर आणि रंध्याच्या ढलप्यांनी चार लिटर बघता बघता भरतात. दोन-तीन दिवसांचं मोठं काम असेल तेव्हा मधे सायक्लोनचं झाकण बसवलेला ड्रम लाव. जड भुसा ड्रममध्येच पडतो आणि पिशवीपर्यंत थोडीच धूळ जाते. ड्रम मात्र जाड भिंतीचा घे, पातळ बादली ओढीने चेपते. पिशवी भरली की तिचं तोंड बंद करून आख्खी टाक. ती कापून, झटकून पुन्हा वापरायची काटकसर करू नकोस, नाहीतर इतका वेळ पकडलेली सगळी धूळ एका दमात तुझ्याच छातीत जाईल. लाकडाच्या यंत्राने लोखंड घासल्याची ठिणगी कधी ओढू नकोस, कोरड्या भुशात ती धुमसत राहते. प्लास्टर आणि पीओपीची धूळही त्यात नको. प्लंबर मागायला येईल, त्याला नाही म्हण.

आणि या यंत्राकडून मोठ्या रंधा मशीनची अपेक्षा ठेवू नकोस. कारखान्यातल्या थिकनेसरला जाड पाइप आणि मोठ्या पिशवीचा कलेक्टर लागतो. तिथे भरपूर वारा हवा असतो, तर सँडरच्या बारीक वाटेतून हवा खेचायला जोर हवा असतो.

शनिवारी दुकानात जाशील तेव्हा सँडर, ट्रिमर आणि कटर तिन्ही पिशवीत घालून ने आणि नळी प्रत्येकाला लावून बघ. प्रत्येक कंपनीच्या तोंडाचं माप वेगळं असतं, बहुतेक एक-दोन जागी बसणार नाही. तिथे काळी टेप गुंडाळून भागवू नकोस, ती दुपारच्या उन्हात सुटते. कॅलिपरने हत्याराच्या तोंडाचा बाहेरचा व्यास आणि नळीच्या टोकाचा आतला व्यास मोज आणि मला पाठव. आमच्या इथला खरादवाला नायलॉनचे अॅडॉप्टर छान काढून देतो. पुढच्या आठवड्यात ताई नाशिकला येणार आहे, तिच्याबरोबर पाठवून देईन.

तुझा,
मामा