लोखंडी पेटाऱ्यातील संसार

रायगड जिल्ह्यात उरणजवळ न्हावा-शेवा नावाचे मोठे बंदर आहे. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदराच्या रस्त्यास लागले की, रात्रंदिवस एकच दृश्य दृष्टीस पडते. लांबलचक मालमोटारींच्या पाठीवर तांबडे, निळे, हिरवे, करडे लोखंडी पेटारे एकामागून एक चाललेले असतात. बंदराच्या आवारात हेच पेटारे असे एकावर एक रचलेले दिसतात, की दुरून पाहणाऱ्यास एखादी बिनखिडक्यांची वसाहतच उभी आहे असा भास व्हावा. या पेटाऱ्यांना कंटेनर म्हणतात. कोणात यंत्रांचे सुटे भाग असतात, कोणात कापूस, तर कोणात परदेशाहून आलेली खेळणी. मालाची ने-आण करण्यासाठीच त्यांचा जन्म झाला. परंतु जगात काही ठिकाणी याच पेटाऱ्यांत माणसांनी संसार थाटले, मुले अभ्यासास बसली आणि दुकानदारांनी आपली मोडलेली दुकाने पुन्हा मांडली. मालासाठी घडविलेली पेटी माणसाच्या उपयोगी कशी पडली, आणि त्यासाठी तिच्यात काय काय बदल करावे लागले, ही हकिगत ऐकण्यासारखी आहे.

कंटेनरचा प्रसार होण्यापूर्वी जहाजावर माल चढविणे हे अतिशय कष्टाचे काम असे. पोती, पिंपे, खोकी, गासड्या, जे काही असेल ते मालमोटारीतून उतरवावयाचे, धक्क्यावर रचावयाचे आणि मग यारीच्या दोराने व माणसांच्या पाठीवरून जहाजाच्या पोटात पोहोचवावयाचे. पलीकडच्या बंदरात पुन्हा तेच. यात जहाज कित्येक दिवस धक्क्यास खिळून राही, मालाची फुटतूट होई आणि चोरीही होई. अमेरिकेत मॅल्कम मॅक्लीन नावाचे एक गृहस्थ मालमोटारींचा धंदा करीत असत. प्रत्येक नग वेगवेगळा उचलण्याऐवजी मालाने भरलेली सबंध पेटीच उचलून जहाजावर का ठेवू नये, असा साधा विचार त्यांनी केला आणि तो तडीस नेला. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज न्यूअर्क बंदरातून ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले. हे जहाज मूळचे तेल वाहून नेणारे होते. त्याच्या पाठीवर पेट्या ठेवण्यासाठी खास व्यवस्था करण्यात आली होती. सुटा माल चढविण्यास त्या काळी टनामागे ५ डॉलर ८६ सेंट खर्च येत असे. नव्या पद्धतीने तो १६ सेंटांहूनही कमी आला! व्यापाऱ्यांना आणखी काय हवे होते? थोड्याच वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. मात्र तिच्यामुळे बंदराबंदरांतील हजारो गोदी कामगारांच्या हातचे काम गेले, हेही येथे सांगितले पाहिजे.

पेट्या निरनिराळ्या मापांच्या राहिल्या असत्या, तर एका देशाच्या जहाजावरील पेटी दुसऱ्या देशाच्या मालमोटारीवर बसली नसती. म्हणून १९६० नंतरच्या दशकात त्यांची मापे सर्व देशांच्या संमतीने ठरविण्यात आली. सर्वसाधारण पेटारा २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो. दुसरा प्रकार ४० फूट लांबीचा. लहान पेटारा रिकामा असताना त्याचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास भरते. त्याच्या भिंतींचा पोलादी पत्रा अवघा सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा असतो. मग भरलेल्या पेटाऱ्यांचे आठ-आठ, नऊ-नऊ थर रचले तरी सर्वांत खालचा पेटारा चेपत कसा नाही? याचे रहस्य त्याच्या चार कोपऱ्यांत आहे. कोपऱ्यांचे खांब भक्कम असून वरच्या पेटाऱ्याचा सारा भार त्या खांबांवरून खालच्या खांबांवर उतरतो. भिंतींच्या पत्र्यास नागमोडी घड्या घातलेल्या असतात. त्या घड्यांमुळे पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो आणि पेटारा तिरका होत नाही.

एखादा देश बाहेरून माल आणतो पुष्कळ आणि पाठवितो थोडा, तेव्हा त्याच्या बंदरात रिकामे पेटारे साचू लागतात. ते रिकामे परत पाठविण्यासही खर्च येतोच. शिवाय समुद्रावर वर्षानुवर्षे खारा वारा खाल्लेले पेटारे मालवाहतुकीतून काढून विकले जातात. असा जुना पेटारा पाहून प्रथम कोणास सुचले असेल, तर ते दुकान. दार उघडले, आत फळ्या मांडल्या की दुकान झाले; रात्री दार ओढून कडी घातली की चोराचे भय नाही. दक्षिण आफ्रिकेत गोरगरिबांच्या वस्त्यांतून १९९० नंतरच्या दशकात अशा पेटाऱ्यांत टेलिफोनची दुकाने निघाली. ज्यांच्या घरी टेलिफोन नव्हता, ते तेथे जाऊन पैसे देऊन बोलत. पुढे ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आला आणि तो धंदा बसला; पण वस्त्यांतील पेटाऱ्यांची दुकाने काही हटली नाहीत. आजही कोठे केशकर्तनालय, तर कोठे किराणा मालाचे दुकान त्यांत चाललेले आढळते.

या दुकानांची खरी परीक्षा झाली ती न्यूझीलंड देशातील क्राइस्टचर्च या शहरी. २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी एकच्या सुमारास, ऐन बाजाराच्या वेळी, तेथे भूकंपाचा तीव्र धक्का बसला. १८५ माणसे मृत्युमुखी पडली. शहराचा मध्यभाग तर इतका उद्ध्वस्त झाला, की सरकारने त्याभोवती कुंपण घालून आत जाण्यास मनाई केली. घर पडले तर माणूस आप्तेष्टांकडे जाऊन राहतो. परंतु दुकान पडलेल्या व्यापाऱ्याने जावे कोठे? गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळले की ते परत येईलच असे नाही, आणि बाजार उठला की शहराचा जीवच जातो. पक्क्या इमारती उभारावयास वर्षे लागणार होती. तेव्हा कॅशेल स्ट्रीट या जुन्या बाजारपेठेच्या रस्त्यावर पेटारे आणून ठेवण्यात आले. त्यांना काचेच्या दर्शनी भिंती बसविल्या, भडक रंग दिले, कोठे एकावर दुसरा आडवा चढविला आणि २९ ऑक्टोबर २०११ रोजी, म्हणजे भूकंपानंतर आठ महिन्यांनी, २७ दुकानांचा बाजार तेथे सुरू झाला. त्याचे नावच ‘रीस्टार्ट’, म्हणजे पुन्हा प्रारंभ, असे होते. भोवती पडक्या इमारती आणि मध्ये ही रंगीत पेठ! थोड्या काळापुरता म्हणून मांडलेला हा बाजार २०१८ च्या प्रारंभापर्यंत चालला. मध्यंतरी जागा हवी झाली तेव्हा पेटारे उचलून जवळच दुसरीकडे मांडले. विटांच्या दुकानास हे कसे साधावे?

दुकान दिवसाचे असते, घर मात्र अष्टौप्रहरांचे. म्हणून पेटाऱ्याचे घर करताना अडचणी एकामागून एक उभ्या राहतात. पहिली गोष्ट अशी, की या पेटीचे दार बाहेरूनच उघडते व बाहेरूनच बंद होते. आत कोणी माणूस असेल, ही कल्पनाच ती घडविणाराने केलेली नाही. खिडकी तर नाहीच. खिडकीसाठी पत्रा कापावा, तर नागमोडी पत्र्याने दिलेला ताठपणा कमी होतो. म्हणून कापलेल्या जागेभोवती लोखंडाची बळकट चौकट जोडावी लागते. आतील लाकडी जमिनीस कीड लागू नये यासाठी पुष्कळदा विषारी औषध चोपडलेले असते. ती जमीन तपासून, प्रसंगी बदलून घ्यावी लागते. आणि सर्वांत मोठी अडचण उन्हाची. चैत्र-वैशाखात भरदुपारी पत्र्याच्या शेडखाली जो कोणी बसला असेल, त्यास हे निराळे सांगावयास नको. पोलाद उष्णता झटकन आत पोहोचविते आणि थंडीत तितक्याच झटकन ती बाहेर घालविते. थंड प्रदेशात तर माणसांच्या श्वासातील बाष्प पत्र्यावर जमून भिंती पाझरू लागतात. कुडाच्या भिंतीचे व गवती छपराचे झोपडे या बाबतीत पेटाऱ्यापेक्षा पुष्कळच शहाणे म्हटले पाहिजे. यावर उपाय म्हणून भिंतींना उष्णता अडविणाऱ्या पदार्थाचे अस्तर द्यावयाचे आणि छपरावर थोडे अंतर सोडून दुसरे छप्पर घालावयाचे. पण मुळात आठ फुटांची रुंदी. पत्र्याच्या आतल्या बाजूस ती जेमतेम पावणेआठ फूट उरते. अस्तर लावले की आणखी घटते.

पेटारा स्वस्त मिळतो म्हणून घर स्वस्त होते, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. पेटारा उचलून आणण्यास मोठी यारी लागते, तो ठेवण्यास पाया लागतो. पाणी, वीज, सांडपाणी, अस्तर, खिडक्या हा खर्च कोणत्याही घरास चुकत नाही. एकच घर बांधावयाचे असेल तर बचत फारशी होत नाही. जेथे एकाच मापाची पुष्कळ घरे हवी असतात, घाई असते आणि जागा थोड्या वर्षांपुरतीच मिळालेली असते, तेथे पेटाऱ्याचे गुण दिसून येतात. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरात विद्यार्थ्यांना राहावयास खोल्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा २००५-०६ मध्ये ‘कीटवोनेन’ नावाची सुमारे एक हजार खोल्यांची वसाहत पेटाऱ्यांतून उभी राहिली. पेटारे चीनमध्ये सजवून जहाजानेच आणले होते. प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र स्नानगृह व स्वयंपाकाची जागा मिळाली. वरती सर्वांना मिळून एक वेगळे छप्पर घातल्यामुळे पाऊस व ऊन या दोहोंपासून बचाव झाला. जागा पाच वर्षांपुरती घेतली होती. वसाहत मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ टिकली.

परंतु पेटाऱ्याच्या घराचा विचार सर्वांत बारकाईने केला तो जपानमध्ये. क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, ११ मार्च २०११ रोजी, जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंपामागून समुद्राची प्रचंड लाट आली. मियागी प्रांतातील ओनागावा हे मासेमारीवर जगणारे, सुमारे दहा हजार वस्तीचे गाव. तेथे लाटेची उंची सुमारे १५ मीटरपर्यंत गेली. गावातील आठशेहून अधिक माणसे दगावली अथवा बेपत्ता झाली आणि बहुतेक घरे वाहून गेली.

बचावलेली माणसे मोठमोठ्या दालनांतून एकत्र राहू लागली. शेजारी अनोळखी कुटुंब, मध्ये आडोसा नाही. कपडे बदलावयाची चोरी आणि दुःखाने रडू आले तरी चारचौघांत रडावयाचे. शिगेरू बान नावाचे जपानी वास्तुकार अशा वेळी कागदाच्या जाड नळ्यांचे सांगाडे उभारून त्यांना कापडी पडदे लावून देण्याचे काम करीत होते. कागदाच्या नळ्यांची घरे त्यांनी यापूर्वीही बांधली होती. २००१ च्या भूकंपानंतर आपल्याकडे भूज येथेही त्यांनी असे घर उभारले होते. ओनागावाची अडचण त्यांच्या कानी आली. सरकारी पद्धतीची तात्पुरती घरे एकमजली असत, आणि ओनागावात डोंगर थेट समुद्रास भिडलेले. सपाट जमीनच नाही. जी थोडी होती ती लाटेच्या वाटेवर. वर एक बेसबॉलचे मैदान तेवढे शिल्लक होते.

जागा आडवी पुरत नाही तर घरे उभी रचावी, असे बान यांनी ठरविले. रचण्यासाठीच जन्मलेल्या वस्तूची आठवण होणे मग साहजिकच होते. वीस फुटी पेटारे त्यांनी दोन व तीन मजल्यांपर्यंत चढविले. पण भिंतीस भिंत लावून नव्हे. बुद्धिबळाच्या पटावर जसे काळे घर, मग पांढरे, मग पुन्हा काळे असते, तसे एक पेटारा, मग तेवढीच मोकळी जागा, मग पुन्हा पेटारा अशी त्यांची मांडणी होती. निजावयाच्या खोल्या व स्नानगृह पेटाऱ्यांत गेले. मधल्या मोकळ्या जागेस छप्पर व काचेची दारे बसविली की तीच घराची बैठक झाली. अंधाऱ्या, अरुंद पेटीचा दोष असा परस्पर निघून गेला. पत्रा फारसा न कापताही घरात उजेड आला. शिवाय दोन शेजाऱ्यांच्या आवाजास अंतर पडले. तात्पुरत्या घरांत राहणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते ती हीच, की शेजारच्या घरातील शब्दन्‌शब्द ऐकू येतो.

कुटुंब लहान-मोठे असते हे ध्यानात घेऊन तीन आकारांची घरे केली होती: एकदोन माणसांसाठी सुमारे २० चौरस मीटरचे, तीनचार माणसांसाठी ३० चे आणि त्याहून मोठ्या कुटुंबास ४० चे. लाटेने ज्यांचे सर्वस्व नेले त्यांच्याजवळ कपाटे कोठून असणार? आणि विकत आणली तरी लहान घरात ती ठेवणार कोठे? म्हणून स्वयंसेवकांनी घरोघरी भिंतीच्या अंगानेच लाकडी फडताळे बसवून दिली. त्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडाशी १८९ कुटुंबे या घरांत राहावयास आली.

इमारतींच्या मधल्या जागेत एक मोठा तंबू उभारून त्याखाली बाजार भरविण्याची सोय केली होती, आणि जवळच एक स्वतंत्र खोली बांधली होती. घरात चार माणसांची वर्दळ असली म्हणजे मुलांचे वाचनात लक्ष लागत नाही. ती मुले आपली दप्तरे घेऊन त्या खोलीत जाऊन बसत.