सशाचे दात गवताच्या हाती: आत्याचे कानमंत्र

बाबू, लेकीसाठी दोन ससे आणलेस हे ऐकून बरं वाटलं. सोबत दोन किलो गाजरंही आणलीस हे ऐकून हसू आलं. गाजरं टाकू नकोस, हलवा कर. सशांना काय द्यायचं ते खाली लिहून पाठवते आहे. रोज चार-पाच कलमं वाच आणि लेकीलाही वाचून दाखव. महिन्याभरात ससे तिच्याकडून तुझ्या गळ्यात पडणार आहेत, तेव्हा तू तयारीत असलेला बरा.

आधी तोंडाची ओळख

१. सशाला २८ दात, आणि सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात — समोरचे तर आठवड्याला साधारण दोन मिलीमीटर, म्हणून ते झिजवत राहणं हेच त्याचं रोजचं काम.

२. समोरचे दात दिसतात म्हणून त्यांच्यावरच नजर ठेवू नकोस — मागे २२ दाढा आहेत. वाढल्या की खालच्या जिभेला टोचतात, वरच्या गालाला, आणि बाहेरून पत्ताही लागत नाही.

३. दाढा झिजवायच्या तर गवतच हवं — गवत चावताना जबडा जात्यासारखा आडवा फिरतो, आणि गवताच्या अंगातच सिलिकेचे बारीक कण असतात, ते दाढेवर घासत राहतात.

४. भाकरीचा वाळका तुकडा टणक आहे म्हणून दाताला चांगला, असं समजू नकोस — तो दोन चाव्यांत फुटतो, पोट भरतं आणि जबडा आडवा फिरायची वेळच येत नाही.

५. कुरतडायला लाकडाचा तुकडा खुशाल ठेव, पण करमणूक म्हणून — त्याने समोरचे दात गुंततात, दाढांपर्यंत काही पोचत नाही.

६. रानातलं सशाचं पिल्लू कुणी शेतातून उचलून आणून दिलं तर घेऊ नकोस — रानससा वेगळ्या जातीचा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि पिंजऱ्यात तो भेदरूनच मरतो.

गवत हातात घेऊन पारख

७. आधी रंग बघ. वाळल्यावरही गवताने हिरवटपणा सोडलेला नसावा — पिवळं पडलं म्हणजे जून झालं किंवा उन्हात फार पडून राहिलं. पिवळं अंथरायला, हिरवं चारायला.

८. मग मूठभर गवत नाकाशी धर. वास गोडसर यावा, कुबट नको — कुबट वास म्हणजे आत बुरशी. तुझ्या नाकाला जे खटकलं ते त्याच्या पोटाला पटणार नाही.

९. तीच मूठ पांढऱ्या कापडावर झटक. धूळ किंवा काळी भुकटी पडली तर पेंढी परत कर — ससा फक्त नाकाने श्वास घेतो, नाक चोंदलं की खाणंही सुटतं.

१०. गवतात काडीही हवी आणि पानही हवं — नुसतं पान पटकन गिळून होतं, नुसत्या जाड काड्या तो पायाने बाजूला सारतो.

११. विळ्याने बारीक तुकडे करून देऊ नकोस, काडी लांबच राहू दे — लांब काडी ओढत ओढत चावावी लागते, तेवढंच जबड्याचं काम वाढतं.

१२. गवत नुकतं निसवायला लागलं असताना कापलेलं सगळ्यात चांगलं — तुरा पोटरीतून डोकावतो तेव्हा काडीत तंतू आलेला असतो आणि पानात सत्त्व अजून असतं. बी भरलं की ते सत्त्व सरत जातं.

१३. नीट वाळलं का, अशी शंका आली तर कोरड्या काचेच्या बरणीत गवताचे तुकडे घाल, वर चमचाभर बारीक कोरडं मीठ टाक आणि झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलव — मीठ सुटं राहिलं तर गवत भरायला हरकत नाही. मिठाचे गोळे झाले, काचेला चिकटलं, तर अजून ओल आहे, पुन्हा वाळव.

आपल्याकडचं कुठलं घ्यावं

१४. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला-जैनथकडच्या धुऱ्यांवर मारवेल मिळालं तर दुसरं शोधू नकोस — काडी बारीक, पान भरपूर, आणि वेळेवर कापलं तर वाळल्यावरही हिरवं राहतं.

१५. पवन्या आणि शेडाही चालतात, ओळखीच्या गुराख्याला विचार — त्याला गवताची नावं पाठ असतात, तुला फक्त मोबाइलचे नंबर.

१६. कुसळी गवत घ्यायचं तर पोळा झाला की लगेच, कुसळ धरायच्या आत — पुढे ते कुसळ हिरडीत, जिभेखाली, डोळ्यात घुसतं आणि तू मात्र दाताचं दुखणं शोधत बसतोस. कुसळाआधी विळा, नाहीतर दवाखान्याचा लळा.

१७. हरळी ताजी, धुऊन, रोज मूठभर दे — सशाला ती फार आवडते. पण कोवळी हरळी मऊ असते, म्हणून वाळल्या गवताची जागा तिला देऊ नकोस.

१८. तिखाडी टाळ — ते वासाचं, तेल काढायचं गवत. कुरणातलं गवत कापताना सोबत आलं तर निवडून काढ.

१९. बाजारात तेलुगूत नुसतं ‘एंडु गड्डी’, म्हणजे वाळलं गवत, मागितलंस तर भाताचं तणसही हाती येईल, तेव्हा पेंढी सोडून बघून घे — तणस कोरडं-खरखरीत असतं पण पोषण फार कमी. अंथरायला छान, जेवायला नाही.

२०. कडब्याची वाळलेली पानं थोडी चालतील, धांडं बैलाला — आणि हिरवी कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे मुळीच नकोत, त्यातल्या विषाने गुरंसुद्धा पडतात.

२१. सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार गोठ्यातच राहू दे — त्यात शेंगांची टोकदार टरफलं आणि धूळ, आणि आडवं चावण्यासारखं त्यात काही नसतं.

२२. लसूणघास सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला चालतो, मोठ्याला नाही — त्यात कॅल्शियम फार. सशाच्या शरीरातलं जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे जातं, आणि ते साचत गेलं की मूतखडे होतात.

२३. पाकिटातलं टिमोथी चांगलंच आहे, पण ते थंड मुलखातलं गवत, दूरवरून येतं आणि त्याचे पैसे तूच भरतोस — पावसाळ्यात अडलं-नडलं तर एक पाकीट घरात असू दे, वर्षभर त्याच्यावर विसंबू नकोस.

२४. पाकीट घेतलंस तरी कलम सात ते नऊ विसरू नकोस — छापलेला ससा नेहमीच गुबगुबीत असतो, आतलं गवत कधीकधी पिवळं निघतं.

२५. कापलेलं गवत जमिनीवर पसरून एकदा निवड; गाजरगवत, घाणेरी, धोतरा, रुई दिसली की काढून टाक — हिरवेपणी ससा ती कदाचित टाळेल, पण वाळून मिसळली की ती वेगळी काढणं त्यालाही जमत नाही.

२६. कपाशीच्या धुऱ्यावरचं गवत घ्यायचं तर फवारणी कधी झाली आणि कशाची, हे मालकाला विचारूनच घे — २०१७ साली पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तिथे दोन किलोच्या जिवाचं काय घेऊन बसलास.

२७. ४४ नंबरच्या हायवेकडेचं गवत कितीही हिरवंगार दिसो, गाडी थांबवू नकोस — त्यावर धूर, धूळ आणि तेलाचे शिंतोडे असतात, आणि ते धुऊन जातीलच असं नाही.

२८. मशीनने कातरलेलं लॉनचं गवत नको — ढिगात ते तासाभरात तापतं, आंबतं आणि सशाच्या पोटात वायू धरतो.

वाळवण आणि साठवण

२९. कापलेलं गवत पातळ पसर, दिवसातून दोनदा उलटंपालटं कर आणि कडक ऊन लागलं की सावलीत घे — ओल जायला हवी, हिरवेपणा नाही.

३०. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा कर — दिवसभर वाळवलेलं रात्रीत भिजलं तर दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून.

३१. गरम असताना पोत्यात कोंबू नकोस, आधी निवू दे — आतली वाफ आतच राहते. ओल्याची घाई, बुरशीची आई.

३२. तागाचं पोतं वापर, प्लास्टिकचं नको, आणि युरियाची गोणी तर धुऊनसुद्धा नको — तागाला हवा लागते, प्लास्टिकला घाम सुटतो, आणि खताचे कण शिवणीत बसून राहतात.

३३. पोती फळीवर ठेव आणि भिंतीपासून वीतभर दूर — काळ्या मातीतल्या घराच्या भिंतीत पावसाळ्यात ओल चढते ती थेट पोत्यात उतरते.

३४. उंदरांचा बंदोबस्त कर, पण विष टाकून नाही — उंदराने मुतलेलं गवत रोग आणतं, आणि विष गवतात मिसळलं तर आधी ससा जातो.

३५. दोन किलोच्या सशाला रोज साधारण १०० ग्रॅम वाळलं गवत लागतं. सांडलवंड धरून एका सशाला वर्षाचं ५० किलो भरून ठेव — जून ते सप्टेंबर आपल्याकडे वाळलेलं गवत शोधणाऱ्याला लोक नुसते बघत राहतात.

रोजचा घास

३६. गवत चोवीस तास समोर हवं. रोज निदान सशाच्या अंगाएवढा भारा टाक — तो थोडं थोडं पण दिवसरात्र खातो, आणि रिकामी गव्हाण म्हणजे वाढणारे दात.

३७. गव्हाण त्याच्या शौचाच्या जागेला लागून आणि हनुवटीच्या उंचीवर ठेव — त्याला खाता खाता लेंड्या टाकायची सवय असते, आणि उंचावरून ओढलं की कचरा डोळ्यात पडतो.

३८. सकाळी कालचं उरलेलं काढून नवं टाक — वरून बोटांनी मोकळं केलंस की वास सुटतो, आणि नखरेल ससासुद्धा तोंड घालतो.

३९. पेलेट दिवसाला किलोमागे २५ ग्रॅमच्या वर नको, आणि तेही गवत खाऊन झाल्यावर — आधी दिलंस तर तुझी लेक चॉकलेटनंतर वरणभात खाते तेवढंच ते गवत खातील.

४०. गाजर, केळं, बिस्कीट, मुरमुरे सणासुदीला नखाएवढे — साखरेने पोटातला समतोल ढळतो आणि गवत नकोसं होतं. दात झिजवी काडी, पोट बिघडवी गोडी.

४१. गवत बदलायचं तर आठ-दहा दिवसांत जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत जा — एकदम बदललंस तर पोट बिघडतं किंवा महाराज उपोषणाला बसतात.

४२. एप्रिल-मेमध्ये पाऱ्याने चाळिशी ओलांडली की मोठा भारा पहाटे आणि दिवस मावळल्यावर टाक — दुपारच्या उकाड्यात ससा खात नाही. गार फरशी, सावली आणि पाण्याचं भांडं मात्र दिवसभर हवं.

डोळ्यात तेल घालून बघायचं

४३. आठवड्यातून एकदा ओठ उचलून समोरचे दात बघ आणि जबड्याखालून बोट फिरव — वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे बसायला हवेत, आणि हाडावर गाठ लागता कामा नये.

४४. त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर आणि कालनिर्णयच्या चौकटीत लिही — ससा दुखणं लपवतो, वजन लपवत नाही.

४५. लेंड्या गोल, कोरड्या आणि मोडल्यावर आत गवताचा तंतू दिसणाऱ्या हव्यात — त्या लहान किंवा कमी झाल्या म्हणजे गवत खाणं कमी झालं, आणि ते बहुधा तोंडातूनच सुरू होतं.

४६. हनुवटी ओली, डोळ्यातून पाणी, मऊ तेवढंच खातो, घास तोंडातून पडतो, यातलं काहीही दिसलं तर थांबू नकोस — वरच्या दातांची मुळं अश्रूनळीला लागून असतात, म्हणून दाताचं दुखणं डोळ्यातूनही वाहतं.

४७. दहा-बारा तास ना खाणं ना लेंडी, तर सकाळची वाट बघू नकोस — सशाला उलटी होत नाही, आणि थांबलेलं आतडं हे जिवावरचं दुखणं.

४८. नेलकटरने दात कापायचं डोक्यातसुद्धा आणू नकोस — दात उभा चिरतो, मुळापर्यंत पू होतो. ते काम डॉक्टर घासायच्या यंत्राने करतात.

४९. घरातलं अमॉक्सिसिलिनचं सिरप पाजू नकोस — माणसाला उतारा पडतो, सशाच्या पोटातले चांगले जंतू मात्र मरतात आणि मागोमाग ससाही.

५०. एखाद्याचा जबडाच जन्मतः वाकडा असतो, विशेषतः बुटक्या आणि लोंबत्या कानांच्या जातींत. त्याला दोष देऊ नकोस, त्याची पिल्लंही घेऊ नकोस — तिथे उत्तम गवतही पुरं पडत नाही, ठरावीक दिवसांनी डॉक्टर लागतोच.

५१. सशाचे दात बघणारा डॉक्टर आजच शोधून नंबर लिहून ठेव — आपल्याकडे बैल-बकरीचे डॉक्टर भेटतात, सशाचा भेटेलच असं नाही. आदिलाबादहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३००, आणि कुठे जायचं हे रात्री दोनला ठरत नाही.

५२. सकाळचं गवत टाकायचं काम लेकीकडे दे, लेंड्या मोजायचं तू घे — कुठला ससा खात नाही हे तिला तुझ्याआधी कळेल, आणि तुलाही सकाळी मोबाइलखेरीज काही बघायला मिळेल.

५३. यंदा पोळा झाला की विळा आणि दोन पोती घेऊन इकडे ये, धुऱ्याच्या मालकाशी मी बोलून ठेवते — मारवेल कुठलं आणि कुसळी कुठलं हे कागदावरून कळत नाही, एकदा हातात धरलं की विसरत नाही.