बत्तीस लाख मैलांचा घसारा

आमच्या वर्गात घसाऱ्याचे गणित सुरू झाले की फळ्यावरचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘एका व्यापाऱ्याने एक यंत्र खरेदी केले. यंत्राचे आयुष्य दहा वर्षे.’ ही दहा वर्षे कोणी ठरवली, असा प्रश्न परीक्षेत येत नाही. म्हणून आम्हीही विचारत नाही. मला तो पडला एका मोटारीमुळे.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर अर्व गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक राहत. १९६६ च्या जूनअखेरीस त्यांनी व्होल्व्हो पी-१८००-एस ही तांबडी स्पोर्ट्स कार ४,१५० डॉलरना घेतली. गाडी इतकी आवडली की १,५०० मैलांनंतर करायच्या पहिल्या सर्व्हिसिंगसाठी ते दोन दिवसांतच दुकानात परत हजर! नोकरीवर जाण्यायेण्याचे रोजचे अंतर १२५ मैल, म्हणजे बेळगावहून हुबळीला जाऊन परत येण्याइतके. १९८७ मध्ये गाडीचे १० लाख मैल झाले, २००२ मध्ये २० लाख आणि २०१३ च्या सप्टेंबरात अलास्कामध्ये ३० लाख. २०१८ साली गॉर्डन वारले, तेव्हा मीटरवरचा आकडा ३२ लाखांच्या पुढे गेला होता. पृथ्वीला विषुववृत्तावरून सव्वाशेहून अधिक प्रदक्षिणा घालाव्यात एवढे हे अंतर. एकाच मालकाने खाजगी वापरात इतकी चालवलेली दुसरी मोटार गिनीज बुकात नाही.

आता फळ्यावरचे गणित या गाडीला लावू. आयुष्य दहा वर्षे, मोडीची किंमत शून्य, स्थिर हप्ता पद्धत. वर्षाला ४१५ डॉलर घसारा, म्हणजे १९७६ साली गाडी वहीत संपली. प्रत्यक्षात तोवर तिचे ५ लाख मैल झाले होते आणि २७ लाख व्हायचे होते. तोच घसारा वर्षांऐवजी मैलांवर मोजला, तर मैलामागे एका सेंटचा सुमारे आठवा भाग पडतो.

स्पोर्ट्स कार म्हणजे लाडावलेली आणि अल्पायुषी, अशी आपली समजूत. ती अगदीच खोटी नाही. इंजिनाचे फेरे तिप्पट झाले की पिस्टनला वरखाली खेचणारे जोर नऊपट होतात, आणि शर्यतीच्या थाटात गाडी हाणणाऱ्याचे इंजिन ते सगळे सोसत असते. पण गॉर्डन यांच्या गाडीचे रूप खेळाडूचे असले, तरी आतले बी-१८ इंजिन व्होल्व्होच्याच अ‍ॅमेझॉन या घरगुती मोटारीतले होते. बिडाचा ठोकळा, चार सिलिंडर आणि क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंगे. त्या काळी चार सिलिंडरांना तीन बेअरिंगांवर भागवणारे कारखानदार पुष्कळ होते. पाच आधारांनी काय फरक पडतो, हे उद्यमबागेतल्या कोणत्याही कारागिराला विचारावे. तो माझ्यापेक्षा चांगले सांगेल.

तरी मला मुख्य कारण वापरात दिसते. इंजिन जास्त झिजते ते थंड असताना. रात्रभर उभ्या गाडीतले तेल खाली उतरलेले असते. सकाळी ते वर पोचेपर्यंत धातू धातूवर जवळजवळ कोरडाच घासतो. शिवाय पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन पुरते तापले नाही, तर ती तेलात मिसळून तेल खराब करते. दोन किलोमीटरवरच्या बाजारात जाऊन येणारी गाडी हे रोज भोगते. शंभर मैल भरेपर्यंत ती निदान चाळीस वेळा थंडीत सुरू होते. गॉर्डन यांची गाडी एकदा तापली की हमरस्त्यावर एका लयीत धावत राही.

आणि तेल. दर साधारण ३,५०० मैलांना ते बदलत. म्हणजे जन्मभरात नऊशेच्या वर वेळा. इंजिन पहिल्यांदा खोलले ते ६,८०,००० मैलांवर. मालमत्तेचे आयुष्य वाढवणारा खर्च भांडवली आणि ती नुसती चालू ठेवणारा खर्च महसुली, असे आम्हांला शिकवतात. इथे तर तेलाच्या डब्यांनीच आयुष्य वाढवले. पण त्या डब्यांना ताळेबंदात जागा नाही.

उलट बाजूही आहे. फेरारी ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिनच बाहेर काढावे लागते, आणि तो बेल्ट गाडी चालली नाही तरी काही वर्षांनी बदलावाच लागतो. रबराला मीटर वाचता येत नाही. आमच्या काकांनी ‘मीटर कमी’ म्हणून एक जुनी मोटार घेतली होती. सहा वर्षे ती एका वाड्यात झाकून उभी होती. पहिल्याच महिन्यात पाण्याचे पाइप फुटले, ऑइल सील गळू लागले, ब्रेकची रबरे गेली. दुरुस्तीची बिले काकूंनी डब्यात जपून ठेवली आहेत आणि योग्य वेळी त्या ती बाहेर काढतात.

मराठीत आपण घसारा म्हणतो, कन्नडमध्ये सवकळि. दोन्ही शब्दांत घासून झिजणे आहे. इंग्रजी डेप्रिसिएशनच्या मुळाशी मात्र किंमत या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. मी दोन्ही भाषांत हा विषय वाचला, पण वही लिहिताना आपण झीज मोजत नाही, ठरलेली किंमतच उतरवतो, हे मला या गाडीपर्यंत उमगले नव्हते. हौशी लोकांच्या बाजारात तर न चाललेल्या फेरारीला चाललेलीपेक्षा जास्त भाव येतो.

गाडी विकणार का, असे लोक गॉर्डन यांना विचारत. मैलाला एक डॉलर मिळाला तर देईन, असे ते सांगत. ३० लाख मैल झाले तेव्हा ३० लाख डॉलर, आणि पुढच्या प्रत्येक मैलाला आणखी एक. हे खाते कोणत्या पद्धतीत बसवायचे, ते मी आमच्या सरांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘आधी स्थिर हप्ता नीट कर.’’