किरणांची नोकरी आणि मुलीचे स्थळ

एका वाचकांचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. त्यांच्या मुलीला इंदूरचे स्थळ सांगून आले. मुलगा लेसरच्या जोरावर इलेक्ट्रॉन पळवणाऱ्या यंत्रावर काम करतो. पत्रिका जुळली, मुलगा पसंत पडला, पण घरातल्या आजींनी मोडता घातला. ‘किरणांत काम करणाऱ्याला मूल होत नाही,’ असे त्या म्हणतात. डॉक्टर, खरे काय?

आजींची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. किरणांनी इजा होते हे खरेच आहे. मात्र ती किती किरणांनी होते, हे पाहावे लागते.

लेसर म्हणजे प्रकाशच. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात १५० टेरावॉटचा लेसर आहे. त्याची झळक सुमारे २५ फेम्टोसेकंद टिकते. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी करा, तेवढा एक फेम्टोसेकंद. ही झळक वायूच्या बारीक झोतावर एकवटली की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि होडीमागच्या लाटेवर स्वार व्हावे तसे वेगाने पुढे फेकले जातात. ताजिमा आणि डॉसन या शास्त्रज्ञांनी १९७९ साली ही कल्पना मांडली. हे इलेक्ट्रॉन धातूवर आपटले की क्ष-किरण निघतात. आपल्या गावातल्या एक्स-रेच्या नळीत हेच घडते, फक्त तिथले किरण कितीतरी कमी भेदक असतात.

यात दिलाशाची गोष्ट अशी की झळक नाही तर किरण नाहीत. रेडियमसारखे हे रात्रंदिवस चालू राहत नाही. कधीकधी यंत्राच्या धातूच्या भागांत थोडा किरणोत्सर्ग काही काळ उरतो, म्हणून मोजणी करून मगच त्यांना हात लावतात. यंत्र चालू असताना त्या खोलीत कोणी थांबायचे नसते. जाड काँक्रीटच्या भिंती, दार उघडताच यंत्र बंद पाडणारे कुलूप आणि सुरू करण्यापूर्वी आत कोणी राहिले नाही ना याची फेरी, ही खरी राखण. एक्स-रेवाले घालतात तो शिशाचा अॅप्रन इथल्या भेदक किरणांपुढे फारसा कामाचा नाही.

मोजणीतही एक गोम आहे. किरण टिकटिक करीत एकेक मोजणारे साधे यंत्र इथे फसते. यात्रेची सगळी गर्दी एकाच क्षणी दारातून आत शिरली, तर मोजणारा ‘एक’ म्हणून मोकळा होईल, तसेच हे. म्हणून साठत जाणारी मात्रा नोंदवणारा टीएलडी बिल्ला छातीवर लावावा लागतो.

या बिल्ल्याचा माझाच अनुभव सांगतो. ऑपरेशन थिएटरात सी-आर्मखाली हाडे बसवताना मीही तो लावत असे. एकदा अॅप्रन एक्स-रेच्या खोलीतल्या खुंटीवर राहिला आणि बिल्ला त्यालाच. तिमाहीच्या अहवालात इतका आकडा आला की खुलासा मागणारे पत्र हाती पडले! किरण मी नव्हे, खुंटीने घेतले होते. याच्या उलट करणारेही असतात. बिल्ला खणात ठेवायचा आणि अहवालात शून्य मिळवायचे. हे त्याहून वाईट, कारण बिल्ला किरण अडवत नाही, तो नुसता लिहून ठेवतो.

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या मर्यादेप्रमाणे अशा कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्येच साधारण ८ ते १० मिळतात. पुरुषाचे वीर्य तात्पुरते क्षीण व्हायला वृषणांवर एकदम सुमारे १५० पडावे लागतात. कायमचे वंध्यत्व यायला साडेतीन हजारांच्या पुढे. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलाबाळांची अनेक वर्षे तपासणी झाली, त्यांच्यात आनुवंशिक रोग वाढल्याचे आढळले नाही. कर्करोगाचा धोका मात्र मात्रेबरोबर थोडा थोडा वाढतो असे धरूनच चालतात, म्हणून मर्यादेच्या आत असलो तरी जितके कमी तितके बरे.

तेव्हा नोकरी हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, असे माझे मत आहे. मुलाला खुशाल विचारा, तुझ्या बिल्ल्याचा आकडा किती? आपली नोंद त्याला पाहायला मिळते. दाराचे कुलूप घाईत कोणी निकामी करून ठेवत नाही ना, हेही विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर मात्र मला काळजी वाटेल.

आणि पत्रात कोणीच न विचारलेली गोष्ट डोळ्यांची. या लेसरचा प्रकाश सुमारे ८०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि क्षणात पडदा भाजतो. मधला भाग भाजला तर गेलेली नजर सहसा परत येत नाही. त्या प्रकाशासाठीच बनवलेला चष्मा हवा, काळा गॉगल चालत नाही. घड्याळाच्या चकचकीत पट्ट्यावरून उडालेला किरणही पुरतो. साखरपुडा झाला तर कामावर जाताना अंगठी घरी काढून ठेवायला जावईबापूंना सांगा.