वहीत नफा, गल्ल्यात खडखडाट

प्रश्न : माझे शेती अवजारांचे दुकान आहे. विक्री चांगली, नफाही दिसतो. तरी कंपनीचे पैसे भरताना नाकी नऊ येतात. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेऊ का?
– एक विक्रेता, कन्नड (जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : घाबरू नका. तुमचा धंदा चालतो आहे, पैसा तेवढा अडकला आहे. नफा बिल फाडताच दिसतो. रोकड वसुलीनंतरच येते. मर्यादा वाढवून व्याजच वाढेल. शिवाय ९० दिवसांपुढची उधारी बँका सहसा उचलीसाठी धरत नाहीत.

आधी गोदामातल्या प्रत्येक यंत्रावर आल्याची तारीख खडूने लिहा. कंपनीची बिनव्याजी मुदत संपत आलेले यंत्र थोडी सूट देऊन का होईना, आधी काढा. पेरणी यंत्रे मेमध्ये, मक्याची मळणी यंत्रे सप्टेंबरमध्ये मागवा. रोटाव्हेटरची पाती, बेल्ट मात्र कायम ठेवा. ते रोखीने खपतात.

‘अनुदान आले की देतो’ या बोलीवर यंत्र सोडू नका. महाडीबीटीचे अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात जमा होते, तुमच्या नव्हे. पूर्वसंमतीपत्र पाहूनच बिल करा आणि पूर्ण रक्कम बँकेमार्फत घ्या. ज्याला ते जमत नाही, त्याला कर्जासाठी कोटेशन द्या. ही शिस्त पाळलीत, तर पैसा पुन्हा खेळता होईल.