पाकिटांची वाटणी आणि पत्त्याचे गणित

खोपोलीच्या वीजघरात १९१५ साली पाण्यावर वीज तयार होऊ लागली. घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली उतरते आणि पेल्टन चक्रांच्या वाट्यांवर आदळते. एका नळाचे पाणी चार चक्रांना वाटायचे असेल तर नळाला चार फाटे काढले की काम झाले. कोणता थेंब कोणत्या चक्राकडे गेला याची चौकशी कोणी करीत नाही, कारण सगळे थेंब सारखेच.

आता त्याच खोपोलीच्या टपाल कचेरीत चला. समजा, तेथे चार पोस्टमन आहेत आणि पत्रांची एक थैली आली आहे. पत्त्यांचा डाव वाटावा तशी एकेक पत्र पाळीपाळीने चौघांना दिली तर काम अगदी समसमान वाटले जाईल. पण मग शीळफाट्यावरच्या एकाच घरी चारही पोस्टमनना जावे लागेल, आणि लौजी व विहारीलाही चौघेच धावतील! म्हणून टपाल वाटताना पाळी पाहत नाहीत, पत्ता पाहतात. एका पत्त्याची सगळी पत्रे एकाच पोस्टमनच्या झोळीत जातात.

संगणकांच्या जाळ्यातून येणारी माहिती पाण्यासारखी वाटावी की टपालासारखी? हाच आजच्या पाठाचा विषय.

पाकीट म्हणजे काय?

तुम्ही मोबाइलवरून एखादे छायाचित्र पाठवता तेव्हा ते अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण त्याला पाकीटच म्हणू. एका पाकिटात साधारणपणे जास्तीत जास्त १५०० बाइट माहिती मावते. म्हणजे ३० लाख बाइटच्या छायाचित्राची सुमारे दोन हजार पाकिटे होतात.

प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. त्यात चार गोष्टी महत्त्वाच्या: पाठवणाऱ्या संगणकाचा क्रमांक, घेणाऱ्या संगणकाचा क्रमांक आणि दोन्हीकडील 'पोर्ट' क्रमांक. संगणकाचा क्रमांक हा घराचा पत्ता मानला तर पोर्ट म्हणजे त्या घरातील खोली. या चारही गोष्टी ज्या पाकिटांवर सारख्याच असतात ती पाकिटे एकाच संवादातील समजावीत.

एकच कारकून, बाकीचे रिकामे

सेकंदाला १० अब्ज बिट वाहून नेणारी तार आज मोठ्या संगणकांना सर्रास जोडलेली असते. तिच्यातून मोठ्यात मोठी पाकिटे आली तरी ती सेकंदाला सुमारे ८ लाख येतात. पाकिटे लहानात लहान असतील तर ही संख्या १ कोटी ४८ लाखांवर जाते. म्हणजे एका पाकिटामागे एका सेकंदाच्या दीड कोटीव्या भागाइतकाच वेळ हाती असतो! सेकंदाला ३ अब्ज ठोके देणाऱ्या प्रोसेसरला तेवढ्या वेळात जेमतेम २०० ठोके मिळतात. एका प्रोसेसरला हे काम झेपत नाही.

संगणकात तर आठ, सोळा किंवा त्याहून जास्त प्रोसेसर असतात. पण येणारी सगळी पाकिटे एकाच रांगेत लागली तर एक प्रोसेसर घामाघूम होतो आणि बाकीचे हातावर हात ठेवून बसतात. म्हणून नेटवर्क कार्डात अनेक रांगा ठेवतात आणि प्रत्येक रांगेला एकेक प्रोसेसर नेमून देतात. येणाऱ्या पाकिटांची अशी वाटणी करण्याच्या पद्धतीला 'रिसीव्ह साइड स्केलिंग' असे नाव आहे.

पाळीपाळीने का वाटू नये?

पहिले पाकीट पहिल्या रांगेत, दुसरे दुसऱ्या रांगेत असे केले तर काय बिघडेल? रांगा सारख्याच वेगाने पुढे सरकत नाहीत. त्यामुळे एकाच संवादाचे पाचवे पाकीट चौथ्याच्या आधी हातावेगळे होऊ शकते. आपण नेहमी वापरतो त्या 'टीसीपी' पद्धतीत घेणारा संगणक पाठवणाऱ्याला पोचपावती देत असतो. क्रम मोडला की तो "मला अजून चौथेच हवे आहे" अशी तीच ती पावती पुन्हा पाठवतो. अशा तीन जादा पावत्या आल्या की पाठवणारा समजतो, चौथे पाकीट वाटेत हरवले. तो ते पुन्हा पाठवतो आणि आपला वेगही कमी करतो. हरवले काहीच नसते, तरी गाडी मंदावते!

शिवाय संवादाचा हिशेब एकाच प्रोसेसरकडे असला तर तो त्याच्या जवळच्या स्मृतीत राहतो. चार प्रोसेसरनी एकच वही ओढायला सुरुवात केली तर प्रत्येकाला दुसऱ्यासाठी थांबावे लागते.

तेव्हा आपल्या दोन अटी ठरल्या. एका संवादाची सर्व पाकिटे एकाच रांगेत जावीत, आणि वेगवेगळे संवाद सर्व रांगांत विखुरले जावेत.

पिनकोडपासून एक धडा

पत्त्यावरून क्रमांक काढण्याची एक पद्धत तुम्हांला ठाऊक आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी केली. ते संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. कर्जतचा पिनकोड ४१०२०१, खालापूरचा ४१०२०२ आणि खोपोलीचा ४१०२०३. शेजारच्या गावांचे क्रमांकही शेजारशेजारचे. हे मुद्दामच केलेले आहे, कारण शेजारच्या गावांची पत्रे एकाच थैलीतून जावीत असा टपालखात्याचा हेतू असतो.

आपला हेतू मात्र उलटा आहे. एका कचेरीतील किंवा एका शाळेतील शंभर संगणकांचे क्रमांक एकमेकांसारखे असतात. त्या क्रमांकांतील ठरावीक अंक पाहून रांग ठरवली आणि नेमके तेच अंक सर्वांचे सारखे निघाले, तर सगळी पाकिटे एकाच रांगेत जाऊन पडतील. म्हणून पत्त्याचे सगळे अंक कालवून त्यातून एक नवा अंक काढायला हवा. हे काम 'हॅशिंग' करते. हॅश या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी बारीक चिरून कालवणे असा आहे. १९५३ साली आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी माहिती चटकन शोधण्यासाठी ही कल्पना सुचवली होती. एकच पत्ता कितीही वेळा कालवला तरी उत्तर तेच येते, पण दोन मिळत्याजुळत्या पत्त्यांची उत्तरे बहुधा वेगळी येतात.

सरकत्या पट्टीचे गणित

नेटवर्क कार्डांत जी रीत जास्त वापरली जाते तिला जर्मन गणिती ओटो टोप्लिट्झ (१८८१–१९४०) यांचे नाव आहे. त्यांनी अभ्यासलेल्या कोष्टकांत प्रत्येक तिरप्या ओळीतील अंक सारखे असतात. म्हणजे वरची ओळ एक घर सरकवली की खालची ओळ जवळजवळ तयार होते. आपण हे गणित छोट्या प्रमाणात करून पाहू.

समजा, पत्ता चार बिटांचा आहे आणि आपल्याजवळ ०१०११० ही सहा बिटांची किल्ली आहे. किल्लीवर तीन बिटांची खिडकी ठेवा आणि ती एकेक घर उजवीकडे सरकवा. खिडकीत क्रमाने दिसेल: ०१०, १०१, ०११, ११०. पत्त्यातील पहिल्या बिटाची पहिली खिडकी, दुसऱ्याची दुसरी, याप्रमाणे. ज्या बिटाच्या जागी १ असेल त्याचीच खिडकी घ्यायची, ० असेल तर सोडून द्यायची. घेतलेल्या खिडक्या एकाखाली एक मांडून 'हातचा न धरता' मिळवायच्या: दोन अंक सारखे असले तर ०, वेगळे असले तर १.

आता ०००१, ०१०१, १००१ आणि ११०१ हे चार पत्ते घ्या. चौघांचेही शेवटचे दोन बिट ०१ आहेत. नुसते तेवढेच पाहिले असते तर चारही एकाच रांगेत गेले असते. पण वरील रीतीने:

०००१ : ११० = ६
०१०१ : १०१ आणि ११० मिळून ०११ = ३
१००१ : ०१० आणि ११० मिळून १०० = ४
११०१ : ०१०, १०१ आणि ११० मिळून ००१ = १

आता ० ते ७ अशा आठ घरांचा एक तक्ता घ्या आणि त्यात क, ख, ग, घ, क, ख, ग, घ अशी चार रांगांची नावे क्रमाने लिहा. सहाव्या घरात ग, तिसऱ्यात घ, चौथ्यात क आणि पहिल्यात ख. चार पत्ते चार रांगांत गेले! आणि ११०१ या पत्त्याचे पाकीट पुन्हा हजार वेळा आले तरी ते खमध्येच जाईल.

खऱ्या कार्डात पत्ता ९६ बिटांचा असतो: ३२-३२ बिटांचे दोन संगणक क्रमांक आणि १६-१६ बिटांचे दोन पोर्ट. खिडकी ३२ बिटांची आणि किल्ली साधारणपणे ४० बाइटची, म्हणजे ३२० बिटांची. नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यांचे २८८ बिट होतात, त्यांनाही ती बरोबर पुरते. उत्तराचे शेवटचे ७ बिट घेऊन १२८ घरांच्या तक्त्यात रांगेचे नाव पाहतात. मधे हा तक्ता कशाला, असे तुम्ही विचाराल. एखाद्या रांगेवर भार वाढला तर तक्त्यातील काही घरांत दुसऱ्या रांगेचे नाव लिहिता येते. सारे गणित बदलावे लागत नाही.

किल्ली मात्र गुप्त व स्वैर निवडलेली असावी. ती ठाऊक असलेला खोडसाळ माणूस सर्व पाकिटे एकाच रांगेत पडतील असे पत्ते शोधून एका प्रोसेसरला बेजार करू शकेल.

भासमान संगणक, भासमान कार्ड

आपल्या रायगड जिल्ह्यातच पनवेलजवळ २०२० साली योट्टा कंपनीचे मोठे डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांत एकाच खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक भासमान संगणक चालवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. भासमान संगणकाचे नेटवर्क कार्डही भासमानच असते: ते धातूचे नसून एक प्रोग्राम असतो. त्यामुळे पाकिटांची वाटणी दोनदा होते. आधी खऱ्या कार्डात, मग भासमान कार्डात. इथे दोन गोष्टींना जपावे लागते.

पहिली गोष्ट श्रमाची. खऱ्या कार्डात हे गणित विद्युतमंडल करते. भासमान कार्डात ते प्रोसेसरला करावे लागते, म्हणजे ज्याचा भार हलका करायचा त्याच्याच डोक्यावर नवे ओझे! म्हणून एकदा काढलेले उत्तर पाकिटाबरोबरच पुढे द्यावे हे बरे. भासमान उपकरणांसाठी 'व्हर्ट-आय-ओ' नावाचे खुले प्रमाणक आहे. त्याच्या २०२२ साली निघालेल्या १.२ या आवृत्तीत भासमान संगणकाने आपली किल्ली व तक्ता कार्डाला कळवण्याची आणि कार्डाने काढलेले उत्तर पाकिटाबरोबर देण्याची सोय आहे.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. समजा, पहिल्या टप्प्यात उत्तर सम आले तर पाकीट एका भासमान संगणकाकडे आणि विषम आले तर दुसऱ्याकडे पाठवले. पहिल्याकडे आता फक्त ०, २, ४, ६ हीच उत्तरे येणार. त्याने तीच किल्ली आणि आपला तोच तक्ता वापरला तर क, ग, क, ग! ख आणि घ या रांगा कायमच्या रिकाम्या. दोन्ही टप्पे आपापल्या जागी बिनचूक असूनही निम्मे प्रोसेसर वाया गेले. उपाय सोपा आहे: दुसऱ्या टप्प्यात वेगळी किल्ली घ्यावी, किंवा उत्तरातील वेगळे बिट घ्यावेत.

या युक्तीची मर्यादा

हॅशिंग संवाद वाटते, काम वाटत नाही. हजारो लहान संवाद असतील तर वाटणी छान होते. पण एकच प्रचंड मोठा संवाद असेल, उदाहरणार्थ एखाद्या रुग्णालयाची सारी नोंद रातोरात दुसरीकडे हलवायची असेल, तर तो एकाच रांगेत जाणार आणि त्या रांगेतील इतर लहान संवाद मागे अडकणार. क्रम सांभाळायचा तर एवढी किंमत मोजावीच लागते. क्रम आणि समान वाटणी या दोहोंपैकी आपण क्रमाला आधी मान दिला आहे. असे ठरवण्याआधी आपल्यापुढे थेंब आहेत की पत्रे आहेत हे नीट पाहावे.

करून पाहा

१. वरील किल्ली वापरून ०११० आणि १०११ या पत्त्यांची उत्तरे व रांगा काढा.
२. चार बिटांचे सर्व १६ पत्ते घेऊन प्रत्येक रांगेत किती येतात ते मोजा.
३. किल्ली ०००००० घेतली तर काय होईल?

उत्तरे: (१) ०११० चे ६, रांग ग, १०११ चे ७, रांग घ. (२) प्रत्येकी चार. (३) सर्वांचे उत्तर ० येईल आणि सगळी पाकिटे क रांगेत जातील.