स्पॅनिश क्रियापद चालवताना मराठीचा आधार घ्या



आपल्याकडच्या काही शाळांत आता फ्रेंच-जर्मनच्या जोडीला स्पॅनिशही शिकवतात. सुरुवातीचे आठवडे मजेत जातात. रंग झाले, आकडे झाले, 'माझं नाव अमुक' झालं. मग फळ्यावर क्रियापदाचा तक्ता येतो आणि वर्ग एकदम शांत होतो. मुलं तो तक्ता पाढ्यासारखा पाठ करतात आणि घडाघडा म्हणूनही दाखवतात. पण "काल आजीशी बोललास का?" एवढं साधं स्पॅनिशमध्ये विचारलं, तर तेच मूल छताकडे बघत बसतं. पालकसभेत ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "सर, आम्हाला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नाही. आम्ही काय मदत करणार?"

पालकहो, तुम्ही मदत करू शकता, कारण तुम्हाला मराठी येतं. आपण हा तक्ता मुलांना इंग्रजीतून समजावतो, खरी अडचण तिथेच आहे. इंग्रजी क्रियापदाला पुरुषाप्रमाणे प्रत्यय जवळजवळ उरलेलेच नाहीत. मराठीत मात्र 'बोललास' एवढं म्हटलं की कोण, कधी, सगळं समजतं. 'तू' म्हणायचीही गरज पडत नाही. स्पॅनिशचं नेमकं तसंच आहे. या लेखात 'बोलणे' या अर्थाचं एकच नियमित क्रियापद आपण मराठीच्या आधाराने चालवून पाहू.

आधी आघाताची खूण

हे क्रियापद आहे 'आब्लाऽर'. रोमन लिपीत याच्या आधी 'एच' लिहितात, पण स्पॅनिशमध्ये ते अक्षर मुकं असतं. या लेखात जिथे अवग्रह (ऽ) दिसेल तिथे आघात द्यायचा, म्हणजे ते अक्षर जोर देऊन म्हणायचं. उगाच लांबवायचं नाही.

ही खूण फार महत्त्वाची आहे. 'आऽब्लो' म्हणजे 'मी बोलतो', आणि 'आब्लोऽ' म्हणजे 'तो बोलला'. अक्षरं तीच, पण जोर सरकला की काळही बदलतो आणि माणूसही बदलतो. मराठीत आघातामुळे असा अर्थ बदलत नाही, म्हणून आपली मुलं तिकडे दुर्लक्ष करतात. स्पॅनिश लिहिताना 'आब्लोऽ'मधल्या शेवटच्या स्वरावर एक तिरकी रेघ देतात. मुलं तिला शोभेची समजून गाळतात आणि मग वाक्याचा अर्थच फिरतो.

नियम सोपा आहे. शब्द स्वराने, 'न'ने किंवा 'स'ने संपत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. एरवी तो शेवटच्या अक्षरावर असतो. हा नियम मोडला की रेघ द्यायची.

प्रत्ययावरून आख्यात ओळखा

शाळेत आपण ताख्यात, लाख्यात, वाख्यात शिकलो आहोत. 'बोलतो'मध्ये 'त' ऐकू आला की ताख्यात, 'बोलला'मध्ये 'ल' आला की लाख्यात, 'बोलावा'मध्ये 'व' आला की वाख्यात. आपल्या व्याकरणकारांनी क्रियापदाची रूपं कानाला ऐकू येणाऱ्या खुणेवरून ओळखायला शिकवलं. हीच युक्ती स्पॅनिशला लावा.

'आब्लाऽर'मधला शेवटचा 'आर' काढला की 'आब्ल्' हा धातू उरतो. सहा पुरुष-वचनं आणि रोजच्या वापरातली सात साधी आख्यातं, म्हणजे एकूण 42 रूपं. आकडा मोठा वाटतो, पण पाठ करायच्या खुणा सातच.

खालच्या प्रत्येक ओळीत क्रम असा आहे : मी, तू, तो/ती, आम्ही, तुम्ही, ते/त्या.

1. वर्तमान (बोलतो) : आऽब्लो, आऽब्लास, आऽब्ला, आब्लाऽमोस, आब्लाऽइस, आऽब्लान.

2. पूर्ण भूतकाळ (बोललो) : आब्लेऽ, आब्लाऽस्ते, आब्लोऽ, आब्लाऽमोस, आब्लाऽस्तेइस, आब्लाऽरोन.

3. 'बा'चा भूतकाळ (बोलायचो, बोलत होतो) : आब्लाऽबा, आब्लाऽबास, आब्लाऽबा, आब्लाऽबामोस, आब्लाऽबाइस, आब्लाऽबान.

4. भविष्य (बोलेन) : आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेऽमोस, आब्लारेऽइस, आब्लाराऽन.

5. 'रीआ'चा संकेतार्थ (बोललो असतो) : आब्लारीऽआ, आब्लारीऽआस, आब्लारीऽआ, आब्लारीऽआमोस, आब्लारीऽआइस, आब्लारीऽआन.

6. 'ए'चा विध्यर्थ (बोलावं) : आऽब्ले, आऽब्लेस, आऽब्ले, आब्लेऽमोस, आब्लेऽइस, आऽब्लेन.

7. 'रा'चा विध्यर्थ (बोलला असता तर) : आब्लाऽरा, आब्लाऽरास, आब्लाऽरा, आब्लाऽरामोस, आब्लाऽराइस, आब्लाऽरान.

आता उभं वाचून बघा. 'तू'च्या रूपाला शेवटी 'स' असतो (अपवाद फक्त दुसऱ्या ओळीचा), 'आम्ही'ला 'मोस' आणि 'ते'ला 'न'. मराठीतही 'बोलतोस, बोललास, बोलायचास' यांत 'तू'चा 'स' आहेच! मुलांना हे दाखवलं की त्यांचे चेहरे खुलतात.

पाचवं रूप, 'तुम्ही'चं, स्पेनमध्ये घरच्या-मित्रांच्या घोळक्याशी बोलताना वापरतात. लॅटिन अमेरिकेत ते बोलण्यात नाही, तिथे सहाव्याच रूपाने काम भागतं. तुमच्या पाठ्यपुस्तकात कोणती पद्धत आहे ते आधी बघून घ्या.

बोललो की बोलायचो?

इंग्रजीतून शिकणारी मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत. इंग्रजीत बहुतेक वेळा दोन्हींसाठी एकच रूप चालतं, त्यामुळे मूल अंदाजाने काहीतरी ठोकून देतं. मराठी मुलाला अंदाजाची गरजच नाही. हे वाक्य बघा :

"लहानपणी मी आजीशी रोज बोलायचो, पण काल एकदाच बोललो."

कोणत्याही मराठी मुलाला इथे 'बोलायचो' आणि 'बोललो' यांची अदलाबदल करायला सांगा. तो म्हणेल, "असं कोणी बोलतं का?" बस्स, तोच कान स्पॅनिशला लावायचा. 'रोज बोलायचो'साठी आब्लाऽबा, 'काल एकदा बोललो'साठी आब्लेऽ. 'मी बोलत होतो, इतक्यात फोन वाजला' यातल्या 'बोलत होतो'लाही आब्लाऽबाच. म्हणजे मराठीच्या दोन रूपांना मिळून स्पॅनिशचं एक 'बा'चं रूप.

एक गंमत लक्षात ठेवा : 'आब्लाऽमोस' म्हणजे 'आम्ही बोलतो' आणि 'आम्ही बोललो'सुद्धा. कोणतं ते 'आज', 'काल' अशा शब्दांवरून ठरतं.

भविष्यकाळात 'आर' काढायचा नाही

चौथ्या आणि पाचव्या ओळीत धातूला प्रत्यय लागत नाही, तो अख्ख्या 'आब्लार'ला लागतो. याचं कारण इतिहासात आहे. जुन्या काळी 'बोलायचं' या रूपापुढे एक साहाय्यक क्रियापद येई. त्याची 'ए, आस, आ' ही रूपं पुढे त्यालाच चिकटली. आपण 'मला बोलायचं आहे' म्हणतो, त्यातला 'आहे' झिजून जोडला गेला असता तर कसं झालं असतं, तसंच काहीसं. हे एकदा सांगितलं की मुलं 'आर' चुकून गाळत नाहीत.

इथेही आघात सांभाळा. 'आब्लाराऽ' म्हणजे 'तो बोलेल', आणि सातव्या ओळीतलं 'आब्लाऽरा' वेगळंच. सातवी ओळ वेगळी पाठही करावी लागत नाही. दुसऱ्या ओळीतल्या शेवटच्या 'आब्लाऽरोन'मधला 'रोन' काढा आणि 'रा' लावा, झालं काम.

विध्यर्थाची भीती नको

स्पॅनिशचा सगळ्यात बदनाम भाग म्हणजे सहावी ओळ. इंग्रजीत हे रूप जवळजवळ नाहीसं झालंय, म्हणून तिकडून आलेल्या पुस्तकांत त्यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. आपण मात्र शाळेतच क्रियापदाचे चार अर्थ शिकलेलो आहोत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ.

"तू बोलतोस" ही नुसती माहिती झाली. "तू बोलावंस अशी माझी इच्छा आहे" यात बोलणं अजून घडलेलं नाही, ते मनात आहे. स्पॅनिशमध्ये पहिल्याला आऽब्लास, दुसऱ्याला क्येऽरो के आऽब्लेस. 'आ'चा 'ए' झाला, एवढाच फरक.

आज्ञार्थ तर आणखी जवळचा वाटेल. मित्राला 'बोल' म्हणायचं तर आऽब्ला. नकार देताना आपण 'नको बोल' म्हणत नाही, रूप बदलून 'बोलू नकोस' म्हणतो. स्पॅनिशही रूप बदलतं : नो आऽब्लेस. मोठ्या माणसाला आदराने सांगायचं तर आऽब्ले उस्तेऽद, म्हणजे 'आपण बोलावं'. पाहुण्याला 'आपण बसावं' म्हणताना आपणही वाख्यातच वापरतो की!

या 'उस्तेऽद'ला क्रियापद नेहमी 'तो'चं लागतं. हा शब्द मुळात 'आपली कृपा' अशा अर्थाच्या शब्दांचं झिजलेलं रूप आहे. 'महाराजांनी बोलावं' म्हणताना समोरच्याला आपण जसं तिसऱ्या पुरुषात नेतो, तसंच.

मराठी कुठे फसवते

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो.

पहिली गोष्ट लिंगाची. मुलगा 'बोलतो' आणि मुलगी 'बोलते' हा भेद स्पॅनिश क्रियापदात नाही. दोघांनाही आऽब्लो. हे सोपंच पडतं.

दुसरी जरा अवघड आहे. आपण 'वही घेतली, पुस्तक घेतलं, पेन घेतला' म्हणतो, म्हणजे भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये ते कर्त्याला कधीच सोडत नाही. 'कोम्प्राऽर' म्हणजे विकत घेणे. मी वही घेवो, पुस्तक घेवो की दहा पेनं, रूप एकच : कोम्प्रेऽ. मुलं इथे वस्तूकडे बघून अनेकवचनी रूप लावतात. त्यांना एकच प्रश्न विचारा, "घेतलं कोणी?"

तिसरी, नकारार्थी मताची. 'तो बोलतो असं मला वाटतं' आणि 'तो बोलतो असं मला वाटत नाही' या दोन्हींत आपलं 'बोलतो' तसंच राहतं. स्पॅनिशमध्ये पहिल्यात आऽब्ला, पण दुसऱ्यात आऽब्ले. 'तू बोलशील तेव्हा' इथेही आपल्याकडे भविष्यकाळ, त्यांच्याकडे 'ए'चं रूप. या दोन जागा वेगळ्या शिकवाव्याच लागतात.

बाकीच्या क्रियापदांचं काय?

'आर'ने संपणारी सगळी नियमित क्रियापदं अशीच चालतात. 'एर' आणि 'ईर'वाल्यांत थोडा फरक आहे. उदाहरणार्थ, 'कोमेऽर' म्हणजे खाणे : खातो कोऽमो, खाल्लं कोमीऽ, खायचो कोमीऽआ. विध्यर्थात तर उलटापालट, तिथे 'ए'च्या जागी 'आ' येतो : कोऽमा. 'असणे', 'जाणे' अशी अनियमित क्रियापदं मात्र या साच्यात बसत नाहीत. ती थोडी थोडी करून घ्या. पण साचा पक्का झाला नसेल तर अपवाद कशाला अपवाद आहे हेच मुलांना कळत नाही.

घरी करायचा स्वाध्याय

पालकांनी मराठी वाक्य म्हणायचं, मुलाने फक्त क्रियापद स्पॅनिशमध्ये सांगायचं. तक्ता समोर ठेवायचा नाही. जेवताना पाच-दहा मिनिटं पुरेत.

- मी रोज बोलते. (आऽब्लो)
- ती काल बोलली. (आब्लोऽ)
- आम्ही लहानपणी खूप बोलायचो. (आब्लाऽबामोस)
- ते उद्या बोलतील. (आब्लाराऽन)
- बोलू नकोस! (नो आऽब्लेस)
- तू बोलावंस अशी माझी इच्छा आहे. (क्येऽरो के आऽब्लेस)

उत्तर चुकलं तर लगेच बरोबर रूप सांगू नका. आधी विचारा, "मराठीत तू काय म्हणाला असतास, बोललो की बोलायचो?" बहुतेक वेळा मूल स्वतःच थांबून चूक सुधारतं. तक्ता पाठ असणं आणि भाषा येणं यातलं अंतर असंच कमी होतं, आणि त्यासाठी लागणारं सामान तुमच्या घरात आधीपासूनच आहे.